मूंटाकरांसाठी क्वांटम

५ मार्च २०२४, मंगळवार. दुपारी.
आज संध्याकाळी पाचला लायब्ररीच्या हॉलमध्ये पहिलं व्याख्यान. चार मंगळवारांत मूंटा गाव क्वांटम शिकणार! चौतीस वर्षं मी इथल्या मुलांना फिजिक्स शिकवलं. या कामाला मर्विन ट्रेवार्थाहून लायक माणूस अख्ख्या द्वीपकल्पावर नाही. संकल्प: सोपं बोलायचं. चिडायचं नाही.

त्याच दिवशी, सात वाजता.
चिडलो. कारण तसंच होतं. सव्वीस माणसं आली होती. मी सांगितलं, अणूतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा उतारासारखी नसते, जिन्यासारखी असते. या पायरीवर नाहीतर त्या पायरीवर, अधेमधे पाय ठेवायला जागाच नाही. खालच्या पायरीवर आला की दोन पायऱ्यांमधल्या फरकाएवढ्या ऊर्जेचं प्रकाशाचं एक पुडकं बाहेर पडतं. याहून सोपं काय असतं? तर कीथ हात वर करतो. आयुष्यभर गव्हाच्या सायलोवर, धान्याच्या उंच कोठारावर, काम केलेला माणूस. म्हणतो, "मर्व्ह, पायरी बदलताना मधल्या वेळात तो असतो कुठे?" मी म्हणालो, हा प्रश्नच मूर्खपणाचा आहे. घरी येताना ग्लेनिस म्हणाली, "प्रश्न चांगला होता. तुला उत्तर येत नव्हतं." ही माझी बायको!

१२ मार्च, मंगळवार.
अकरा माणसं. उकाडा होता म्हणून. (ग्लेनिस म्हणते, गेल्या मंगळवारी जास्त होता.)

विषय: दोन फटींचा प्रयोग. पडद्याला दोन बारीक फटी, त्यातून एकेक इलेक्ट्रॉन सोडायचा, मागच्या भिंतीवर कुठे आपटतो ते बघायचं. भिंतीवर पट्टे उमटतात. मी समजावलं, इलेक्ट्रॉन कुठल्यातरी एकाच फटीतून जातो, कुठल्या ते आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच. संपलं. वही मिटा.

पण नाही! मासळीच्या दुकानातली लॉरेन हॉकिंग उभी राहिली. माझीच जुनी विद्यार्थिनी, शाळा अर्धवट सोडलेली. म्हणाली, "सर, एकाच फटीतून जात असेल तर फटींच्या मागे दोनच पट्टे पडायला हवेत. इतके का पडतात? आणि एक फट बुजवली की जी जागा आधी रिकामी होती तिथेही ठिपके पडायला लागतात. दुसरी फट उघडी आहे की बंद, हे त्याला कळतं कसं?"

मी म्हणालो, बाई, हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे. कीथ हसला. "अभ्यासक्रम कसला? मी तर लायब्ररीत फुकटचा चहा प्यायला येतो," म्हणाला. सगळे हसले. मी दिवे मालवून निघून आलो. आत माणसं होती, हे मान्य.

१९ मार्च, मंगळवार.
तीन माणसं. पैकी एक ग्लेनिस, आणि एक जण वर्तमानपत्र वाचायला आलेला. उरलेले कुठे? बोलिंग क्लबमध्ये! लॉरेन तिथे क्वांटम सांगतेय! व्याख्यान रद्द करून तसाच गेलो. चुका टिपायला वही घेतली.

ती समुद्रातल्या जेटीबद्दल, आपल्या धक्क्याबद्दल, बोलत होती. म्हणाली, "खांबांमधल्या दोन फटींतून लाटा आत येतात ना, तशा त्या पलीकडे एकमेकींत मिसळतात. कुठे दोन्ही उसळ्या मिळून पाणी उंच होतं, कुठे एकीची उसळी दुसरीच्या खोलगटात पडून पाणी सपाट. इलेक्ट्रॉनचं तसंच. जाताना तो लाटेसारखा दोन्ही फटींतून जातो, भिंतीवर पोचला की एकच ठिपका. लाट जिथे उंच तिथे ठिपका पडायची शक्यता जास्त."

कीथनं विचारलं, "आणि फटीपाशी बसून बघितलं तर?"

"तर पट्टे जातात. पण डोळ्यांनी बघण्याचा प्रश्न नाही रे. कुठल्या फटीतून गेला याची कुठेही खूण उमटली, यंत्रात उमटली तरी, खेळ खलास."

कीथ म्हणाला, "च्यायला, कळलं मला!" टाळ्या. वहीत एकही चूक नाही. अंधार पडला होता, लिहिता आलं नाही.

२० मार्च, बुधवार.
माझं कॉलेजचं पुस्तक काढलं, तिला दाखवायला. पान २१२ वर लिहिलंय की "एकाच फटीतून जातो, फक्त आपल्याला माहीत नसतं" ही समजूत पट्ट्यांशी जुळत नाही. छपाईची चूक असणार. दुसरं पुस्तक काढलं. त्यातही तीच चूक. प्रकाशक हल्ली लक्ष देत नाहीत. दोन्ही पुस्तकं १९७१ची.

जेवलो नाही. ग्लेनिसनं पेस्टी, मांस-बटाट्याची ती भाजलेली करंजी, पुढे ठेवली आणि भांडी घासायला गेली. ती बोलली असती तर भांडता आलं असतं.

चौतीस वर्षं. दर वर्षी वीसेक मुलं.

२२ मार्च, शुक्रवार.
आठवलं. १९८९, बारावीचा वर्ग. लॉरेननं तेव्हाही हेच विचारलं होतं, शब्दन् शब्द. मी तिला कॉरिडॉरमध्ये उभं केलं आणि रिपोर्टात लिहिलं, वर्गात अडथळा आणते. त्याच वर्षी तिनं शाळा सोडली. तिच्या आयुष्याचं मी वाटोळं केलं. उद्या जाऊन माफी मागणार. भाषण लिहिलं, दोन पानं.

२३ मार्च, शनिवार.
दुकानात गर्दी. पाळी आल्यावर भाषण काढलं. अर्धं पान वाचलं असेल, तिनं मासा साफ करताकरता थांबवलं. "सर, कुठल्या दिवसाबद्दल बोलताय? मला तर तुम्ही रोजच बाहेर काढायचात."

मी म्हणालो, माझ्यामुळेच तू शाळा सोडलीस.

"छे हो! बाबांची पाठ गेली, दुकान कोण बघणार? आणि त्या प्रश्नाचं म्हणाल तर, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा बदली मास्तर आले होते ना, त्यांना विचारला. ते म्हणाले, मला माहीत नाही, चल शोधू. मग दोघांनी शोधलं. त्यांनीच नाद लावला मला."

बदली मास्तर. तीन आठवडे होता तो. मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही.

तिला त्याचं नाव आठवतं. आडनावासकट. दर नाताळला ती त्याला पत्र लिहिते.