सेरवाच्या खोलीची दुसरी किल्ली

कुमासी

बादूभाऊ,

तुमचा भाचा अँटवी गेला, त्याचं दुःख मलाही आहे. सात वर्षं तो माझा भाडेकरू होता. पण काल अंगणात तुम्ही म्हणालात, "आफ्रियेबाई, त्याच्या खोलीची तुमच्याकडची किल्ली द्या. आपल्यात वारसा आईच्या घराण्याकडे जातो, भाच्याचं सामान आमच्या घराण्याचं." त्याची बायको सेरवा चुलीपाशी ऐकत होती. तिचं शिलाई मशीन त्याच खोलीत आहे, त्यावरच तिचं पोट.

मी "शोधते" म्हणाले. किल्ली कमरेलाच होती.

आज कुलूपच बदललं आणि दोन्ही किल्ल्या सेरवाला दिल्या.

"मावशी, एक तुम्ही ठेवा."

"नको गं बाई, मग माझ्याकडेच मागत बसतील!"

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही आलात की तोंडावरच सांगेन: बसा, पाणी प्या, आणि तिचं दार ठोठावून विचारा.

तुमचा मान राखणारी,
आफ्रिये, घरमालकीण