घोडा आणि झगा

प्रिय सेरिकबोल,

तुझा भाचा ओल्झास एव्हाना घरी पोचला असेल. त्याचा जबडा कसा आहे? त्याचे दोन दात आमच्या फाटकापाशी सापडले. तुझ्या वहिनीने, बुरुलने, ते फडक्यात गुंडाळून कुंपणाशी पुरले. काय झालं ते त्याने तुला सांगितलंच असेल, पण तो पळाला तेव्हा घोडा जिवंत होता. पुढचं मलाच सांगायला हवं. फोन लावला होता, पण तू उचलायच्या आत बंद केला. तुझा आवाज ऐकला असता तर मी शिव्या दिल्या असत्या नाहीतर रडलो असतो, आणि दोन्हींनी माझा थोरला, नुरदीन, काही थांबला नसता. माझा धाकटा एर्निस मातीत गेला. थोरला तुझ्या सांझारचा जीव घ्यायची शपथ घेऊन बसलाय. उरलेली पोरं, माझं एक आणि तुझं एक, जिवंत राहावीत, एवढंच मी सध्या नमाजानंतर मागतो. दुसरं काही सुचतही नाही.

घोड्यावरून बोकडाचं धड उचलून कुंडात टाकायच्या खेळाचा तो अंतिम सामना तुझ्याही डोळ्यांपुढून हलत नसेल. देशोदेशीचे झेंडे, सरोवरावरून येणारा वारा, आणि दोरीपाशी खांद्याला खांदा लावून उभे असलेले आपण दोघे. तू म्हणालास, "तुम्हा किर्गिझांना बोकड उचलता येतो रे, टाकायचा कुठे ते कळत नाही." मी म्हणालो, "आणि तुम्हा कझाकांना घोडा दिला की आधी तो शिजवायला पातेलं शोधता." मागची माणसं हसली. आपण शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा मधे सरहद्दीचं तारेचं कुंपण नव्हतं, आता आपली पोरं दोन झेंड्यांखाली खेळतायत, याची तुला गंमत वाटत होती. मैदानात मात्र गंमत संपली होती. घोड्यांच्या तोंडाच्या फेसात रक्त मिसळलं होतं. आमच्या एकाचं नाक फुटून छाती भिजली होती, तुमच्या एकाची करंगळी लगामात अडकून उलटी वळली होती, तरी तो चाबूक दातात धरून पुन्हा घुसला. एर्निस बोकडाचं धड उचलायला वाकला. एक पाय रिकिबीत, डोकं घोड्याच्या पोटापाशी, हातात बोकडाची तंगडी. त्याच वेळी सांझारने भरधाव घोडा घातला. छातीवर छाती आदळली तो आवाज मला दोरीपर्यंत ऐकू आला. एर्निस खाली गेला आणि मागून येणारे सगळे घोडे त्याच्यावरून गेले. धूळ बसली तेव्हा जमिनीवर दोन धडं पडलेली दिसली, आणि क्षणभर मला कळेना त्यातला बोकड कोणता. पलीकडचे लोक अजून ओरडत होते, त्यांना वाटलं खेळ चालू आहे. तुझा हात माझ्या खांद्यावर होता. मी तो झटकला.

गावात म्हणतात, त्याने मुद्दाम केलं. मला तसं म्हणवत नाही. वाकलेल्या गड्यावर घोडा घालायचा नाही, असं या खेळात कोण शिकवतो? आपणच शिकवलं ना दोघांना, घुसा म्हणून. कुरणावरच्या जत्रेत एर्निसने सांझारच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. रात्री तुझ्याच घरी जेवलो, आणि एर्निस त्याला चमच्याने रस्सा भरवत म्हणाला, "खा, नवरीबाई, खा." तेव्हा ते हसण्यावारी गेलं, कारण हाड जुळतं. सांझारच्या मनात त्या क्षणी काय होतं ते अल्लाला ठाऊक, आणि ते त्याच्याकडेच राहू दे. पण सेरिकबोल, तू यायला हवं होतंस. दफनाला नाही आलास, ते मी समजलो. त्यानंतर सगळं गाव वाटेकडे बघत होतं. ज्याच्याकडून घडलं त्याच्या बापाने स्वतः घोडा आणि झगा घेऊन यायचं, आणि ज्याचं गेलं त्याने झग्यात दोन्ही हात घातले की वैर संपलं, हे काय मी तुला सांगायचं? तू घोडा पाठवलास, झगा पाठवलास, आणि स्वतःच्या जागी भाच्याला पाठवलंस.

ओल्झास बिचारा फाटकातच घोड्यावरून उतरला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मामांनी सलाम सांगितलाय. त्यांची तब्येत बरी नाही." नुरदीन सरपणापाशी होता. म्हणाला, "तब्येत? माझा भाऊ त्याच्याहून आजारी आहे." माझे भाऊबंद ओट्यावर बसले होते, त्यातला एक पुटपुटला, "टपालाने पाठवला असता तरी चाललं असतं." बस, तेवढंच निमित्त झालं. नुरदीनने ओल्झासच्या तोंडावर लाकूड हाणलं. तो पडला, उठला, वाट फुटेल तिकडे पळाला. झगा चिखलात तुडवला गेला. मग नुरदीनने कुऱ्हाड उचलली. तू पाठवलेला तो करडा घोडा खुंट्याला बांधलेला होता, सवयीने मान पुढे करून त्याचा हात हुंगायला लागला. पहिला घाव मानेत बसला, पण नीट बसला नाही. घोडा किंचाळला. खुंटा उपटून तो अंगणात फिरला, आणि रक्त भिंतीवर, दारावर, माझ्या कपड्यांवर उडालं. मी दारात उभा होतो. थांबवायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला त्या वेळी बरं वाटत होतं. कुणीतरी मरतंय, याचं बरं वाटत होतं. घोडा गुडघ्यावर आला तरी नुरदीन घाव घालतच होता, शेवटी हातातून कुऱ्हाड निसटेपर्यंत. मग बुरुल बाहेर आली. मुलाच्या दफनानंतर ती कुणाशी बोललेली नव्हती. ती रक्तातून चालत त्याच्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "झालं? आला का उठून माझा एर्निस?" नुरदीन तिथेच खाली बसला. घोड्याच्या तोंडावरच्या माश्या हाताने हाकत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने मला विचारलं, "अब्बा, दारात आलेल्याला मारलं, त्याचा घोडा मारला. आता झगा कुणी न्यायचा?" आणि मला उत्तर द्यायची लाज वाटली, कारण ते त्याला आधीच कळलं होतं.

म्हणून हे पत्र. शुक्रवारच्या नमाजानंतर मी निघतोय. बुरुलने तिच्या भावासाठी शिवून ठेवलेला नवा झगा दिलाय, तुझ्या मापाला थोडा आखूड होईल. घोडा एर्निसचाच आणतोय. त्याची शेपूट आणि आयाळ आम्ही दुःखापोटी कापलीय, चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला तो कापायचा होता. भाऊबंद म्हणतात, मेलेल्याचा घोडा वैऱ्याला देणारा बाप आम्ही पाहिला नाही. आता पाहतील. ओल्झासची माफी मी त्याच्यासमोर बसून मागेन. तुझ्या लोकांना सांग, वाटेत कुणी हात उचलू नये. आणि सांझारला आतल्या खोलीत लपवू नकोस, दारात तुझ्या शेजारी उभा कर. मी झगा पुढे धरेन तेव्हा माझ्या तोंडाकडे बघू नकोस, मुकाट्याने दोन्ही हात घाल. त्यानंतर तुझ्या मनात असलं तर तूही माझ्यासाठी एखादा काढ. मीही हात घालीन. घोडा नुरदीनच आणेल. मी त्याला सांगितलंय, तुझ्या दारात पोचेपर्यंत लगाम दोन्ही हातांनी धरायचा, एकही हात मोकळा ठेवायचा नाही.

तुझाच,
शेरगाझी