वाढदिवसाच्या नूडलला लागलेली कात्री

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून साष्टांग फक्त कागदावर.) तुझी कंबर काय म्हणते? आम्ही सगळे ठीक.

मुलाच्या लग्नात सून आणि पाच वर्षांची नात एकदमच घरात आल्या, हे तू पाहिलंसच. पोर गोड आहे, पण मला ‘शिंपीकाका’ म्हणते. वर्षभरात तिच्या बाहुलीला सतरा झगे शिवले, तरी काका तो काकाच. (या वयात मला आजोबा व्हायची घाई झालीय, हसू नकोस.) परवा तिच्या वाढदिवशी घरच्या कुणीतरी बालवर्गात जाऊन जगभरातल्या नूडल्सची माहिती सांगायची होती. सून कामावर, मुलगा लाजरा. मी छाती फुगवून ‘येतो’ म्हणून बसलो. तू फोनवर कणीक मळायला शिकवलीस म्हणून निभावलं. तुझे उपकार कसे फेडू, अक्का?

सुरुवात झकास झाली. म्हटलं, बाळांनो, नूडल्स कुठे गव्हाच्या करतात, कुठे तांदळाच्या, तर कुठे मुगाच्या सत्त्वाच्या. त्या शिजल्या की काचेसारख्या आरपार दिसतात. जपानात भुरके मारून खाल्ल्या तरी कुणी रागवत नाही, एवढं सांगायचा अवकाश, चोवीस पोरांनी रिकाम्या तोंडाने असे भुरके मारले की शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या. मग सांगितलं, चीनमध्ये वाढदिवसाला लांबच लांब नूडल करतात, आयुष्य लांबावं म्हणून. ती कापायची नाही हं! बोलता बोलता मी टेबलभर एकच नूडल वळली. टोक वीतभर खाली लोंबत राहिलं. चाळीस वर्षांची सवय गं! लोंबतं टोक दिसलं, खिशातली कात्री निघाली आणि कच्च! एकाने भोकाड पसरलं. नात ताडकन उठली आणि तिने आपल्या वर्गाच्या बाईंकडे माझी तक्रार केली. मी पाण्याचं बोट लावून टोक जोडलं (रफूच म्हण ना), बाईंनी नूडल उकळून आणली आणि नातीने भुरके मारत अख्खी संपवली. देवाची कृपा, आणि तुझ्या कणकेची.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. सुतासारखी बारीक नूडल काढावी तर आमच्या अक्कानेच, असं मी वर्गात ठोकून दिलंय. बाईंनी लगेच शुक्रवार ठरवला. तुला येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी ये.

ता. क. दुसरा. नातीची तक्रार काय होती ते लिहिलंच नाही. भर वर्गात माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, “बाई, माझ्या आजोबांनी कापली!”