राजीखुशीने

४ जून
नोकरीचा पहिला दिवस! किडनी विभागात समुपदेशक. आई म्हणाली, तुझ्या बडबडीचं शेवटी कुणीतरी चीज केलं. खोली लहान आहे, पण उजेड भरपूर. दोन खुर्च्या, पाण्याचा जग, आपोआप लागणारं दार. मोठ्या डॉक्टरांनी काम समजावलं. किडनी देणाऱ्या नातेवाइकाला एकटं बसवायचं आणि मनापासून देताय का, ते विचारायचं. नाही म्हटलं, तर घरच्यांना 'तपासणीत जुळलं नाही' एवढंच सांगायचं. खरं कारण बाहेर जाऊ द्यायचं नाही. किती शहाणा नियम!

१२ जून
एका शिंप्याची धाकटी बहीण आली होती. भावाच्याच दुकानात काजं-बटणं करते. भावाचं रक्त मशीनवर शुद्ध करावं लागतं. मशीनं थोडी, रोगी फार, त्याची पाळी सारखी हुकते. अंगभर सूज आहे. बाहेर त्यांची आई तोंडाला पदर लावून बसली होती.

दार लागल्यावर पोरीने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "मी नको म्हटलं तर चालेल का, ताई? मला फार भीती वाटते."

मी तिथेच थांबायला हवं होतं. मी भावाच्या लेकरांचा विषय काढला. गोड बोलले, खूप बोलले. शेवटी तिने मान हलवली. कशी हलवली, ते मी नीट पाहिलं नाही. 'राजीखुशीने' असा शेरा मारला. ऑपरेशनला परवानगी देणाऱ्या समितीने तो ग्राह्य धरला.

२३ जून
ऑपरेशन झालं. भावाची नवी किडनी लगेच चालू झाली. बहिणीला आतून रक्तस्राव झाला. दुपारी गेली. डॉक्टर म्हणाले, क्वचित होतं असं, मनाला लावून घेऊ नका. मी डबा उघडलाच नाही.

१९ जुलै
भाऊ गोळ्या घेत नाही. न घेतल्या तर शरीर नवी किडनी नाकारतं. समजूत घालायला माझ्याकडे पाठवला. हळूच म्हणाला, गोळी तोंडाशी नेली की नव्या किडनीच्या कुशीतून बहीण 'नको' म्हणते. भास होतात असे, मी सांगितलं. मग त्याने विचारलं, तिने तुम्हाला काय सांगितलं होतं? मी म्हटलं, दादासाठी आनंदाने देते म्हणाली.
त्याच्या कुशीत काहीतरी— नाही. शर्ट हलला असेल.

२ ऑगस्ट
पुन्हा सूज. तो ग्लानीत, ओठ मिटलेले. मी खाटेजवळ वाकले. आवाज कुशीतून आला.
"मी नको म्हटलं तर चालेल का, ताई?"
त्या दिवशी खोलीत आम्ही दोघीच होतो. हे त्याला कुणी—
मोठ्या डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. म्हणाले, आता बोललात तर विभाग बंद पडेल, रांगेतले बाकीचेही मरतील. मी गप्प बसले. पुन्हा.

५ ऑगस्ट
भाऊ सकाळी गेला.
वॉर्डाबाहेर त्यांच्या आईने मला गाठलं. रडत नव्हती. "माझी पोर मनापासून गेली ना आत?" एवढंच विचारलं. हो म्हणायला तोंड उघडलं— आवाज माझा नव्हता. आई 'बाळे' म्हणाली, माझ्या तोंडावरून हात—
पळत खोलीत आले. कडी लावलीय. आई दार वाजवतेय. हाक मला नाही, तिला मारतेय. आणि उत्तर जातंय. माझ्या कुशीतून. डाव्या हाताने घट्ट दाबून धरलं तरी— सगळं सांगतेय ती, मी कशी गोड बोलले, कशी—