ठकीचं कागदावरचं नाव

४ मार्च
आज रुजू झालो. खोली हवेशीर, टेबल ऐसपैस आणि काम माझ्या आवडीचं: घराण्याची वंशावळ लिहायची. पंचाईत एकच, इथे जो तो लाडाच्या नावाने नांदला. नानू, छबी, गुंड्या. दाखले उकरून प्रत्येकाचं कागदावरचं नाव शोधायचं. नव्वदीचे मालक आबा पत्रांत 'बाळ्या' आहेत, मला हसू आवरेना. घरात ते आणि त्यांची बहीण, आत्या, दोघंच.

७ मार्च
बावीस नावं लागली. ठकी मात्र हाती लागत नाही. आत्यांना विचारलं. आबांची पहिली बायको, म्हणाल्या, आणि नसत्या चौकशा करू नका.

१० मार्च
आत्यांनीच आबांना लिहिलेलं जुनं पत्र सापडलं. ठकी आजारी पडली तेव्हा या दोघा भावंडांनी तिला माडीवर कोंडून औषधावाचून मरू दिलं. मृत्यूची नोंद केलीच नाही. आबांनी दुसरी बायको आणली, तिला ठकीचंच कागदावरचं नाव ठेवलं. कागदोपत्री बायको एकच.
माझं डोकंच फिरलं. तक्त्यात दोघी वेगवेगळ्या लिहिल्या. आबांनी शांतपणे वाचलं आणि ठकीची ओळ खोडायला सांगितली. मी खोडली. नोकरी टिकवायची होती.

१२ मार्च
सकाळी तक्त्यात आबांचं नाव खोडलेलं. शाई ओली. न्याहारीला त्यांना स्वतःचं नाव सांगता येईना. दुपारी गेले. दाखला लिहिताना डॉक्टर अडले, कारण त्यांचं नाव आत्यांनाही आठवेना. नोंद तशीच राहिली.

१३ मार्च
आज आत्यांची ओळ. पेन टेबलावर पडलेलं, रेघ आपली आपण सरकत होती. आत्या माडीच्या दाराशी बसून ठकीची माफी मागत होत्या. रेघ थांबली नाही. बरं झालं, असंच वाटलं मला.

१४ मार्च
आत्या गेल्या. तक्ता कोरा. फक्त ठकीचं नाव ठळक — सगळं संपलं म्हणून मी सामान बांधलं.
पण तिची ओळ खोडली होती कुणी —
माडीचं दार उघडलंय. भरदुपारी. जिन्यावर पावलं —
मी सांगितलं तेवढंच केलं. मी या घरचा नाही.
या वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं — रेघ —
आई मला बबड्या म्हणायची. तेवढं आठवतंय. कागदावरचं —