कीथला विचारायचं राहिलेलं

कांजूरमार्ग,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय कीथ,

कसा आहेस? आम्ही सगळे मजेत. मम्मीचा गुडघा पुन्हा धरलाय. माझ्या ॲश्लीची सहामाही एकदाची संपली.

मजेत वगैरे खोटं आहे. तू फोन उचलत नाहीस, बेल वाजवली तर दार उघडत नाहीस. म्हणून शेजारच्या विद्याधरकाकांकडून कागद मागून घेतला आणि इथेच जिन्यावर बसून लिहितेय. मघाशी तू आत खोकलास, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

माझं काम तुला माहीत आहे. जीव द्यायला निघालेल्या माणसाशी कसं बोलायचं हे आमची संस्था लोकांना शिकवते, आणि त्याचा काही उपयोग झाला का, हे मी सहा महिन्यांनी जाऊन बघते. आज घाटकोपरला अंगणवाडीतल्या सुगंधाताईंकडे गेले होते. आमच्या प्रशिक्षणाच्या परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी. म्हणाल्या, "मॅडम, बाहेरच्या कुणालाही विचारलं असतं ना. घरात दिराला विचारायला जीभच रेटली नाही." दीर आता हॉस्पिटलात आहे. वाचेल म्हणतात.

मी लिहून घेत होते, तिथेच हात थांबला.

रविवारी तू तुझा ट्रम्पेट मला दिलास. "ॲश्लीला दे, मला आता काय करायचाय," म्हणालास. गावातल्या एवढ्या लग्नांत वाजवलास, पण कधी कुणाला हात लावू दिला नाहीस. जिवापाड जपलेली वस्तू माणूस देऊन टाकायला लागला की सावध व्हा, हे मीच लोकांकडून घोकून घेते. आणि मी थँक्यू म्हटलं, रिक्षा केली, ट्रम्पेट घरी नेला.

कळलं नव्हतं असं नाही रे. विचारलं आणि तू हो म्हणालास तर, या भीतीने गप्प बसले. कॉन्सेप्टा वहिनीला पुरून आलो त्या दिवसापासून आम्ही सगळे तुला फक्त जेवलास का विचारतो.

आता विचारते. कीथ, जीव द्यायचं तुझ्या मनात आहे का?

असेल तर हो म्हण. मी ओरडणार नाही, उपदेश करणार नाही. कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देत नाही. डॉक्टरकडे आपण दोघं जाऊ. शिकवलेलं सगळं विसरलेय मी. फार घाबरलेय.

कागद दाराखालून सरकवतेय. उत्तर लिहू नकोस, दार उघड. नाहीतर काकांना कडी तोडायला सांगेन, आणि तू चिडलास तरी चालेल.

हो ऐकायला तयार होऊन बसलेली,
तुझी बहीण जॅकलिन