सात रात्री आणि चाळीस लिटरची सॅक

७ फेब्रुवारी, शुक्रवार
लेक सहा वर्षांची असतानाची एक दुपार आज उगीचच आठवली. गाडी चार तास लेट. आम्ही तिघं वेटिंग रूममध्ये. हे तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेले, लेक वळकटीवर बसून बिस्किटातलं क्रीम चाटत होती, आणि मी आपली बाकं एका रेषेत लावत होते. लोकांनी काढून ठेवलेल्या चपलाही जोडीजोडीनं लावल्या. तेव्हा लेक गंभीरपणे म्हणाली, "आई, हे आपलं घर नाहीये." केवढं हसू आलं होतं तेव्हा. अजून येतं.

असो. पैज लागली. मागच्या महिन्यात पंखा पुसताना मी स्टुलावरून पडले, तेव्हापासून लेकीचा एकच धोशा. घर विक आणि आमच्याकडे राहायला ये. मी म्हटलं, मी कुठेही एकटी राहू शकते. ती म्हणाली, दाखव राहून. ट्रेननं फिरायचं, सात रात्री अनोळखी लोकांकडे काढायच्या, तिला फोन करायचा नाही. जमलं तर घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर पुढच्या महिन्यात घर विकायचं.

मोबाइलवर अ‍ॅपही तिनंच घालून दिलं. त्यात लोक प्रवाशांना आपल्या घरी ठेवून घेतात आणि नंतर त्यांच्याविषयी अभिप्राय लिहितात. सातही यजमान मिळाले. घर वाचल्यातच जमा.

८ फेब्रुवारी
सॅक घेतली. दुकानदार म्हणाला, चाळीस लिटरची आहे. मी म्हटलं, मी एवढं पाणी पीत नाही. 

संकल्प: फक्त सात वस्तू न्यायच्या.

संध्याकाळ. छोटी इस्त्री, फडकी, डांबराच्या गोळ्या, शिवणाचा डबा, पितळ घासायची पावडर, गरम पाण्याची पिशवी, ह्यांचं मनगटी घड्याळ (रोज सात मिनिटं मागे पडतं, पण सोबत असलेलं बरं). झाल्या सात. कपडे वस्तूंत धरत नाहीत.

सॅक उचलून पाहिली. ती होती तिथेच राहिली. मीच खाली बसले.

९ फेब्रुवारी, दुपार, गाडीत
स्वातंत्र्य! पाठीवर बिऱ्हाड आणि समोर अख्खं जग. बिऱ्हाड सध्या वर आहे. समोरच्या बाईंनी ठेवलं. त्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत असतात म्हणे. त्यांनाही दोनदा थांबावं लागलं.

संध्याकाळ. पहिले यजमान घड्याळं दुरुस्त करतात. एकटा जीव, मितभाषी. खोलीत एकेचाळीस घड्याळं आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कुठे सव्वातीन, कुठे पावणेनऊ. बाई नसलेलं घर लगेच कळतं. शाळेत आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, जागा सोडताना ती आधीपेक्षा नीट करून सोडावी. हे वाक्य मी आयुष्यभर पाळलं.

१० फेब्रुवारी, सकाळ
ते दूध आणायला गेले होते तेवढ्यात एकेचाळीसच्या एकेचाळीस घड्याळं बरोबर लावून ठेवली. ते आले, दारातच उभे राहिले. आनंदानं दुधाची पिशवी खाली ठेवायचीही विसरले. मग म्हणाले, प्रत्येक घड्याळ दिवसाला किती मागे पडतं, किती पुढे जातं, ते बघायला आठ दिवस तशीच सोडली होती. मी म्हटलं, आता बघायची गरजच नाही, सगळी बरोबर आहेत. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

दुपारी अभिप्राय आला: "बाई प्रेमळ आहेत. घड्याळं असतील तर ठेवून घेऊ नये." घाईत लिहिलं असणार.

संध्याकाळ. दुसऱ्या यजमानीण बाई नाटकाचे कपडे सांभाळतात. गडगडाटी हसतात. मला लगेच "मावशी" म्हणायला लागल्या. माझा कोट सॅकच्या बकलात अडकून कोपरावर फाटला, तर म्हणाल्या, वा, किती छान फाटलाय! स्वभाव उमदा, पण घर बघवत नाही. दाराशीच एक कोट टांगलाय, नुसती लक्तरं. त्या बाईंना दुसऱ्यांचे कपडे शिवताना स्वतःकडे बघायला वेळ कुठला? डोळ्यांत पाणी आलं.

११ फेब्रुवारी, सकाळ
उजाडताच उठून कोट रफू केला. सव्वीस भोकं. सिस्टरांनी भिंगातून पाहिलं असतं तरी टाका दिसला नसता. मग इस्त्री.

तो कोट नाटकातल्या भिकाऱ्याचा होता. भोकं पाडायला बाईंना दोन आठवडे लागले होते. वाळूनं घासून, चहात बुडवून. प्रयोग आज संध्याकाळी. बाई म्हणाल्या, "मावशी, आमचा भिकारी आता सावकार दिसतोय हो." आणि हसल्या, पण गडगडाट नव्हता.

अभिप्राय: "शिवण उत्कृष्ट. देव करो आणि पुन्हा भेट न होवो."

दुपार, स्टेशनवर. तिसऱ्या यजमानांकडे अचानक पाहुणे आले. (मग मी कोण होते?) चौथ्यांच्या घराला रंग लागतोय. पाचव्या गाव सोडून गेल्या. सहावे आणि सातवे, दोघांनाही एकाच दिवशी गोवर. मोठ्या माणसांना इतक्या सहज गोवर होतो हे मला ठाऊक नव्हतं.

सातांपैकी दोन रात्री झाल्या. घर जातंय की काय, असं एक क्षण वाटलं. एकच क्षण.

तीन वाजता. म्हणतात ना, देव तारी त्याला कोण मारी. अ‍ॅपवर नवीन यजमान! स्वतःहून बोलावलंय. "एक खोली. एक लठ्ठ मांजर. घरातला माणूस घोरतो. पाहुणीनं स्टुलावर चढू नये." योगायोग म्हणजे गाव माझ्या लेकीचं. मांजरही तिच्याच मांजरासारखं लठ्ठ. पैजेचा मान राखून तिला भेटणार नाही.

संध्याकाळ. पत्ताही लेकीचाच निघाला. दार जावईबापूंनी उघडलं. म्हणाले, या आई, सॅक द्या, आणि सॅकसकट वाकले. लेक दोन दिवस माझे अभिप्राय वाचत होती. म्हणाली, पैज हरलीस. मी म्हटलं, रीतसर अ‍ॅपवरून आलेय, पुढच्या पाच रात्री इथेच मोजायच्या. ती म्हणाली, मी अनोळखी आहे का? मी म्हटलं, लग्नानंतर बरीचशी.

मग तिनं ती खोली दाखवली. माझ्यासाठी खिडकीशी पलंग कधीचा लावून ठेवला होता. मी चादरीची सुरकुती सरळ केली.

१२ फेब्रुवारी, सकाळ
दोघंही कामावर. संकल्प: कशालाही हात लावायचा नाही. सिस्टरांची शपथ.

साडेदहा. एकच ड्रॉवर. चमच्यांचा.

दुपार. चमच्यांच्या शेजारी डबे होते. डब्यांच्या वर कपाट. स्टूल वापरलं नाही, खुर्ची घेतली. मांजराची टोपली धुऊन वाळत घातली, आतली जुनी गोधडी कचऱ्यात टाकली. मांजर पलंगाखाली गेलंय, बाहेर येत नाही. जावईबापूंचे कागद आकारानुसार लावले.

संध्याकाळ. लेकीला चहाची पूड सापडेना. साखरही. जावईबापू कागद शोधता शोधता चष्मा शोधू लागले, मग तेही सोडून मांजराशेजारी जाऊन बसले. लेक स्वयंपाकघरात फरशीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आई, हे तुझं घर नाहीये."

तोच आवाज. तोंडाला क्रीम नव्हतं, एवढंच.

मी विचारलं, मग माझं घर कुठलं?

"तिकडचं. ते विकायचं नाही. तू तिथेच राहा, मी येत जाईन."

म्हणजे मी जिंकले. चार रात्री बाकी होत्या, तरी जिंकले. लेकीनं लगेच उद्याच्या गाडीचं तिकीट काढलं, खिडकीची जागा. इतकी घाई करायला नको होती. खिडकीशी पलंग छान होता.

१३ फेब्रुवारी, सकाळ
गाडी दहाला. सॅक मी नेणार नाही. वाटणी अशी:

सॅक जावईबापूंना. कमरेला शेक घ्यायला गरम पाण्याची पिशवीही त्यांनाच.

ह्यांचं घड्याळ पोस्टानं घड्याळवाल्यांना. सात मिनिटं मागेच ठेवलंय. बघत बसावं हवे तितके दिवस.

माझा कोट नाटकवाल्या बाईंना. कोपरावर फाटलाय, रफू केलेला नाही. हात फार शिवशिवले.

मांजराला त्याची टोपली, आहे तशी. जुनी गोधडी मी कचऱ्यातून काढून परत घातली आहे.

माझ्या घरातलं स्टूल जावईबापूंनी येऊन घेऊन जावं.

आणि माझ्या घराची दुसरी किल्ली लेकीला. चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, तिथे तिला सापडेल. तिनं यावं आणि हवं ते विस्कटावं. मी हात लावणार नाही. निदान ती जाईपर्यंत.